जुन्या बुलेटला नंतरच्या बुलेटचे पार्ट: काय बसतं आणि काय बसवू नये

बुलेटवाल्यांना एक सवय असते, भंगारात कुठलाही पार्ट दिसला की 'अरे हा आपल्याला बसेल की'. बसतोही बऱ्याचदा. पण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं, आणि हा फरक मी पैसे घालवून शिकलोय. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी ॲल्युमिनियमचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, स्वस्तात मिळाला म्हणून उचलला, घरी आणून माझ्या लोखंडी इंजिनच्या केसवर (क्रँक ज्यात असतो त्या खालच्या खोक्यावर) ठेवला तर स्टडच जुळेनात. तो ब्लॉक अजून माळ्यावर आहे, त्यात सध्या पेनं ठेवतो.

तर आधी घराणी समजून घ्या. पहिलं घराणं कास्ट आयर्न, म्हणजे लोखंडी ब्लॉक, इंग्लंडमधल्या रेडिचच्या डिझाइनचं, जे १९५५ पासून मद्रासला बनायला लागलं आणि २०१० च्या आसपासपर्यंत चाललं. दुसरं एव्हीएल, ऑस्ट्रियातल्या एव्हीएल कंपनीच्या मदतीने केलेलं ॲल्युमिनियम इंजिन, माचिस्मो आणि २००२ च्या थंडरबर्डमध्ये आलेलं. तिसरं यूसीई, २००९ च्या सुमाराचं, ज्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उचलणारे) हायड्रॉलिक. गंमत अशी की ३५० मध्ये तिघांचाही बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिमी, ३४६ सीसी. म्हणून लोक फसतात. आकडे सारखे असले तरी केस, हेड, ऑइलचे रस्ते सगळं वेगळं. यूसीईचं काहीही आयर्नवर लावायच्या भानगडीत पडू नका, एव्हीएलचा वरचा भाग पण नको.

मग डोनर, म्हणजे जिचे पार्ट काढून घ्यायचे ती गाडी, कुठली? यूसीईच्या आधीची इलेक्ट्रा. इंजिन कास्ट आयर्नच, पण तिच्यात इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं आणि फाइव्ह एस मॉडेलला डाव्या पायाचा ५ स्पीड गिअरबॉक्स. म्हणजे घर तेच, फक्त धाकटी पिढी. जुन्या स्टँडर्डला नवीन काही द्यायचं असेल तर तिच्याकडूनच घ्या, आणि सुटा पार्ट न घेता अख्खा सेट घ्या, हे मी परत परत सांगणार आहे.

गिअरबॉक्सपासून सुरुवात करू कारण खरा फरक तिथेच पडतो. आयर्न बुलेटचा गिअरबॉक्स वेगळा असतो, केसच्या मागच्या बाजूला चार स्टडवर बसतो, आणि इलेक्ट्राचाही तसाच बसतो म्हणून हे काम शक्य आहे. पण नुसता बॉक्स आणलात तर अडकाल. क्लच बास्केटसकट, प्रायमरीचं (इंजिनकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनचं) आतलं-बाहेरचं कव्हर, पुढचं स्प्रॉकेट, गिअर लिव्हर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ब्रेकची अख्खी जोडणी, एवढं सगळं एकाच गाडीचं हवं. जुन्या गाडीत गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे, आता गिअर डावीकडे गेला की ब्रेकचं पेडल उजवीकडे येणार, पण मागचा ड्रम तर डावीकडेच आहे, म्हणून पेडलपासून ड्रमपर्यंत जोर नेणारा आडवा शाफ्ट लागतो. हा शाफ्ट विसरून गिअरबॉक्स बसवलेली गाडी मी पाहिलीय, मालक पुढच्या ब्रेकवरच फिरत होता. असलं करू नका.

काढताना आधी बॅटरी सोडा, प्रायमरीचं ऑइल काढा. क्लच हबचा नट सोडायला हब धरायचं टूल लागतं, जुन्या प्लेटला पट्टी वेल्ड करून कुणीही बनवून देतं, स्क्रूड्रायव्हर अडकवून ठोकाठोक केलीत तर बास्केटचे दात जातील. जुना बॉक्स निघाला की स्टडचे आटे बघा, एखादा लूज असेल तर आत्ताच करून घ्या. नवा बॉक्स कसल्यावर इंजिनचं स्प्रॉकेट आणि क्लचचं स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का ते स्टीलची सरळ पट्टी लावून बघा, चेन तिरकी पळाली तर वर्षभरात दोन्ही खाणार. ह्या डुप्लेक्स (दुहेरी) चेनला सगळ्यात घट्ट जागेवर साधारण ६ मिमी हलायला जागा ठेवा. फिरवून फिरवून मोजा, एकाच जागी मोजून सोडू नका.

आणि सवय! जुना पॅटर्न एक वर, तीन खाली. नवा एक खाली, चार वर. पहिल्या दिवशी स्पीडब्रेकर दिसल्यावर माझा डावा पाय ब्रेक समजून खाली दाबला गेला, गाडी एक गिअर खाली आली, मागचं चाक कुरकुरत घासलं आणि मागून येणाऱ्या काकांनी माझा उद्धार केला. पहिला आठवडा मोकळ्या रस्त्यावरच चालवा.

इग्निशनचं काम सोपं, पण तिथेही तेच, पिकअप, स्टेटर, रोटर, इग्निशनचा बॉक्स, कॉइल एकाच गाडीचे. अर्धे इकडचे अर्धे तिकडचे केले की गाडी थंडीत सुरू होते आणि गरम झाली की मरते, मग मिस्त्री कार्बोरेटर खोलत बसतो. रोटर बसवल्यावर चारही बाजूंनी फिलर गेज फिरवा, ०.२ मिमीचं पान सगळीकडे जायला हवं, नाहीतर रोटर स्टेटरला घासेल. गाडी ६ व्होल्टची असेल तर १२ व्होल्टला जाताना बॅटरी, बल्ब, हॉर्न, रेग्युलेटर सगळं बदला.

खरं सांगू, जुन्या इग्निशनचे पॉइंट (उघडझाप करून स्पार्क पाडणारे) नीट लावलेले असतील तर मला बदलायची घाई वाटत नाही. गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, आणि ऑटो ॲडव्हान्स (वेगाप्रमाणे स्पार्क आधी पाडणारी यंत्रणा) पूर्ण मागे असताना पिस्टन टीडीसीच्या, म्हणजे त्याच्या सगळ्यात वरच्या जागेच्या, ०.८ मिमी आधी असताना पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. एवढं जमलं की एका किकमध्ये सुरू.

आता सगळ्यांचा आवडता विषय, ३५० वर ५०० चा ब्लॉक. स्ट्रोक तोच ९०, बोअर ७० चा ८४ झाला की ४९९ सीसी, लाइटनिंगचा ८७ घेतला तर ५३५, कागदावर किती सोपं! पण ३५० च्या केसचं तोंड लहान, ते लेथवर बोअर करावं लागतं, आणि पिस्टन जड झाला तरी फ्लायव्हील ३५० च्या पिस्टनच्या हिशोबाने बॅलन्स केलेलं असतं. मग ६० च्या पुढे हँडल असं थरथरतं की हाताला मुंग्या. करायचंच असेल तर ५०० चा क्रँक, केस, हेड सगळंच घ्या, कार्बोरेटर पण ३५० च्या २४ ऐवजी २८ चा. म्हणजे ५०० चं इंजिनच घ्या ना राव.

३५० चाच ब्लॉक किंवा पिस्टन वेगळ्या सालाचा घेताय तर व्हर्नियर घेऊन जा. पिनचा व्यास मोजा, पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या डोक्यापर्यंतची उंची मोजा, जुन्याशी ताडून बघा. पिस्टन हातात आल्यावरच बोअर करायला द्या, आधी नाही. हेड कसल्यावर टॅपेट थंड इंजिनवर लावा, कॉम्प्रेशनच्या टीडीसीला पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे पण वरखाली खेळता कामा नये.

टायमिंग कव्हर बदलणार असाल तर इथे जरा थांबा. क्रँकला ऑइल ह्याच कव्हरमधून जातं, आतल्या बाजूला कॉर्कचा छोटा सील असतो, तो जुना, दबलेला किंवा उलटा बसला तर ऑइल बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगला) जायच्या ऐवजी केसमध्येच सांडतं आणि तुम्हाला बाहेरून काहीच कळत नाही, कळतं तेव्हा ठकठक आवाज आलेला असतो. ५० रुपये वाचवायला जुना सील परत लावू नका. आतला वर्म नट (ऑइल पंप फिरवणारा) उलट्या आट्याचा आहे हे पण लक्षात ठेवा, जोर लावण्याआधी दिशा बघा. फिल्टरच्या वायसर, स्प्रिंगचा क्रम काढताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि बंद करायच्या आधी फिल्टरच्या कप्प्यात ऑइल भरा.

कागदपत्रांचं एकदाच सांगतो. केस बदलली की इंजिन नंबर बदलला, ५०० केली की सीसी बदलली, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांबद्दलच आहे. आधी आरटीओत विचारा, मग पाना हातात घ्या. गिअरबॉक्स घेताना पण विकणाऱ्याकडून डोनर गाडीच्या आरसीची झेरॉक्स मागा, तो टाळाटाळ करायला लागला तर माल चोरीचा असू शकतो, निघा तिथून.

सगळं जोडून झालं की प्लग काढून वीस-पंचवीस किक मारा, मग प्लग लावून सुरू करा आणि लगेच हेडवर जाणाऱ्या ऑइल पाइपचा बँजो बोल्ट (पाइपच्या टोकाचा पोकळ बोल्ट) थोडा सैल करून बघा. ऑइल झिरपलं तर ते हेडपर्यंत पोचतंय. मिनिटभरात नाही आलं तर बंद करा आणि कव्हर परत उघडा.