उद्यमनगरातली लेथ आणि आकाशातले रेणू

"ताऱ्यांवर काम करतोस म्हणे!" असं कोल्हापुरात, राजारामपुरीत कुणी म्हटलं की मला हसू येतं. मी दिवसभर उपकरणातली हवेची गळती शोधत असतो. अवकाशातल्या रेणूंचे वर्णपट प्रयोगशाळेत मोजायचे म्हणजे निम्मा वेळ व्हॅक्यूम सांभाळण्यात जातो, हे शिवाजी विद्यापीठात एमएस्सी करताना माझ्या गावीही नव्हतं.

हा खटाटोप कशाला? १९७० साली रेडिओ दुर्बिणीला ८९.१९ गिगाहर्ट्झला एक रेष, म्हणजे त्या एकाच वारंवारतेवर येणारा संकेत, सापडली. कुणाची ते कळेना, म्हणून तिचं नाव पडलं 'एक्स-ओजेन'. ती एचसीओ प्लस या आयनची, म्हणजे विद्युतभारित रेणूची असावी, असं रसायनशास्त्रज्ञ क्लेम्परर यांनी सुचवलं. पण खात्री व्हायला १९७५ उजाडलं. वूड्स आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइडच्या विरळ मिश्रणात वीज सोडून तो आयन तयार केला आणि तीच रेष मोजली.

माझं पहिलं वर्ष मात्र रेषेपर्यंत पोचलंच नाही. व्हॅक्यूम चेंबरचा दाब उतरेना. पंपाचं तेल बदललं, बोल्ट पिळून झाले, तीन आठवडे गेले. सुट्टीला येताना फ्लँज, म्हणजे चेंबरच्या जोडावरची धातूची चकती, पिशवीत घालून आणला आणि उद्यमनगरात मामाच्या लेथवर नेला. हवा अडवणारी रबरी ओ-रिंग ज्या खाचेत बसते, त्या ग्रूव्हमधून मामानं नख फिरवलं.

"अरं, हितं आडवा चरा हाय की!"

लेथचे गोल ओरखडे रिंगेच्या अंगानंच जातात, ते चालतात. रिंगेला आडवा छेदणारा केसाएवढा चरा मात्र हवा आत सोडतो. तो पाडला होता मीच, जुनी रिंग स्क्रूड्रायव्हरनं उचकटताना. आता टूथपिक वापरतो.

या क्षेत्रात यायचं असेल, तर जॅम, गेट, नेट या परीक्षांची माहिती कुठंही मिळेल. त्यापेक्षा एखाद्या वर्कशॉपमध्ये महिनाभर उभे राहा. आणि वहीत एक गणित करा. कार्बन मोनॉक्साइडची पहिली रेष ११५.२७१२ गिगाहर्ट्झला येते. रेणू ताठ दांड्यासारखा असता, तर तिसरी बरोबर तिप्पट वारंवारतेला आली असती. प्रत्यक्षात ती ३४५.७९६ ला येते. सुमारे १८ मेगाहर्ट्झ कमी, कारण जोरात फिरताना रेणू किंचित ताणला जातो. त्यावरून ताणाचा स्थिरांक काढायला कॅल्क्युलेटर पुरतो. ०.१८ मेगाहर्ट्झच्या आसपास उत्तर आलं, तर बरोबर आहे.