ईआरपी, सीएनसी आणि बारकोड : फाउंड्रीपासून दुकानापर्यंत या चुका टाळा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या छोट्या शेडपासून शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या मोठ्या प्लांटपर्यंत संगणक सगळीकडे पोचलाय. डिझाइन कॅडवर होतं, जॉब व्हीएमसीसारख्या सीएनसी मशीनवर निघतो, बिल टॅलीतून जातं. महाद्वार रोडवरच्या चपलांच्या दुकानातही काउंटरवर बारकोड वाचला जातो. तरी चुकीच्या मापाचा माल निघतो, स्टॉकचा मेळ बसत नाही आणि मग "सॉफ्टवेअरच बरोबर नाही" म्हणून दुसरं शोधायला सुरुवात होते. दुसऱ्यातही तेच होतं. कारण घोळ सॉफ्टवेअरच्या अलीकडे असतो: एका वस्तूला चार नावं, एका ड्रॉइंगच्या तीन प्रती, आणि किलो-नगाची गल्लत. हे निस्तरल्याशिवाय कितीही महागडं ईआरपी पॅकेज (खरेदी, स्टॉक, बिल एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्या, ते चुकीची माहिती फक्त जास्त वेगाने पुढे ढकलतं.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं ड्रॉइंग

सगळ्यात जास्त नुकसान या एका सवयीने होतं, म्हणून नेहमीचा प्रकार आकड्यांसकट मांडतो.

एक बेअरिंग हाउसिंग आहे. ड्रॉइंगच्या जुन्या रिव्हिजनमध्ये (आवृत्तीत) ६२०७ बेअरिंग, म्हणजे बोअर (आतलं भोक) ७२ मिमी, सूट एच७, आणि बाहेरचा बॉस (भोकाभोवतीचा जाड गोल भाग) ९६ मिमी. गिऱ्हाइकाने शाफ्ट जाड केला, बेअरिंग ६२०८ झालं. बोअर ८० एच७, खोली १७ ऐवजी १८, आणि भिंतीची जाडी १२ मिमी कायम राहावी म्हणून बॉस १०४. नवीन पीडीएफ कारखान्याच्या ग्रुपवर येते. सेटर (मशीनवर जॉब लावणारा) ती उघडतो, प्रोग्राम बदलतो. पॅटर्नवाला (ओतकामाच्या साच्यासाठी नमुना बनवणारा) मात्र त्या ग्रुपमध्ये नाही, किंवा आहे पण त्याच्या फोनवर त्या दिवशी आणखी पन्नास मेसेज पडलेत. त्याच्या शेडमध्ये जुन्या ड्रॉइंगची प्रिंट भिंतीला लावलेली आहे, पॅटर्न आणि कोअर बॉक्सही त्यावरूनच.

कास्टिंग येतं. कोअर (भोक राखणारा वाळूचा गाभा) ६६ चा, कारण ७२ ला दर बाजूला ३ मिमी मशीनिंग अलाउन्स (कापून काढायचा जादा माल) धरलेला. सेटरला बोअर ८० करायचाय. त्याला ३ ऐवजी ७ मिमी माल काढावा लागतो. तो काय करतो? एक रफ कट वाढवतो आणि पुढे जातो. बोअर नेमका ८० येतो, प्लग गेजची (भोक तपासायच्या मापकाची) गो बाजू जाते, नो-गो अडते, खोलीही बरोबर. इन्स्पेक्शनमध्ये पास. बॉसची बाहेरची बाजू मशीन होतच नाही, त्यामुळे ती कुणी मोजत नाही. ती अजून ९६ आहे. भिंत १२ ऐवजी ८ मिमी उरली. हे कळतं गिऱ्हाइकाच्या असेंब्लीत, बेअरिंग प्रेस करताना बॉसला तडा जातो तेव्हा. लोखंड परत भट्टीत घालता येतं, पण मोल्डिंग, कोअर, वीज, टूल आणि मशीनचे तास कुठल्याच भट्टीत घालून परत मिळत नाहीत.

यात इशारा मिळाला होता. सेटरने जो जादा कट घातला, तोच. अलाउन्स ३ मिमी असताना ७ मिमी माल दिसतो म्हणजे ड्रॉइंग आणि पॅटर्न वेगवेगळ्या रिव्हिजनचे आहेत, किंवा कोअर सरकलाय. दोन्हीत काम थांबवायचं असतं. "माल जास्त आहे, निघून जाईल" हे वाक्य शॉपवर चालता कामा नये. माल कमी असला की सगळे ओरडतात, जास्त असला की कुणी विचारत नाही.

उपाय साधे आहेत आणि त्यांना कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही.

फाइलच्या नावात पार्ट नंबर आणि रिव्हिजन: "बीएच१२०_आर०३". "फायनल", "फायनल नवीन", "फायनल २" अशी नावं दिसली की त्या फोल्डरवर विश्वास ठेवू नका. ऑफिसच्या संगणकावर दोनच फोल्डर, "चालू" आणि "रद्द". "चालू"मध्ये एका पार्टची एकच फाइल. ग्रुपवर ड्रॉइंग टाकायचं नाही, फक्त निरोप टाकायचा: बीएच१२० चं आर०३ आलं, प्रिंट घेऊन जा. प्रिंटवर तारखेचा शिक्का आणि घेणाऱ्याची सही. नवी प्रिंट देताना जुनी परत घ्यायची आणि तिथेच फाडायची. ड्रॉवरमध्ये "असू दे, लागेल" म्हणून ठेवलेली प्रिंट पुढच्या दिवाळीला बरोबर चुकीच्या हातात पडते.

आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट: रिव्हिजन पॅटर्नवरच बसवा. पार्ट नंबरच्या प्लेटशेजारी "आर०३" अशी छोटी बदलती प्लेट स्क्रूने लावली की प्रत्येक कास्टिंगवर ती अक्षरं उठून येतात. सेटरने पहिला पीस लावण्याआधी कास्टिंगवरचं आर आणि ड्रॉइंगवरचं आर जुळतंय का बघायचं. जुळत नसेल तर चक बंद करायचा नाही.

नाइलाजाने ड्रॉइंग फोनवर पाठवावंच लागलं तर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबून लहान होतो आणि ६ चा ८ व्हायला तेवढं पुरतं.

संकोच दोनदा धरणं

राखाडी बिडासाठी साधारण १ टक्का संकोच (थंड होताना धातू आकसतो तो) धरतात, म्हणजे ५०० मिमीला ५ मिमी. डिझाइनर कॅड मॉडेल १.०१ ने मोठं करून पाठवतो, पॅटर्नवाला आपल्या संकोचपट्टीने परत १ टक्का चढवतो. ५०५ ऐवजी ५१० चा पॅटर्न तयार. मॉडेलच्या नावातच "संकोचासह" किंवा "संकोचाविना" लिहा. एसजी आयर्न आणि स्टीलचा आकडा वेगळा असतो, तो ज्या फाउंड्रीत ओतकाम होणार त्यांनाच विचारून ठरवा.

पॅटर्न थ्रीडी प्रिंट करणाऱ्यांसाठी: एसटीएल फाइलमध्ये (थ्रीडी आकाराच्या फाइलमध्ये) एकक नसतं. इंचातली फाइल मिलिमीटर समजून उघडली की जॉब २५.४ पट लहान. प्रिंट लावण्याआधी एक माप पडद्यावर मोजून बघायला अर्धा मिनिट लागतो.

मशीनवरच्या तीन गोष्टी

ऑपरेटर मशीनवर फीड, कट बदलतो आणि चांगलं करतो. पण तो बदल संगणकावर परत येत नाही. पुढच्या ऑर्डरला जुना प्रोग्राम चढतो आणि जुनीच चूक परत. लॉट संपला की प्रोग्राम मशीनमधून परत संगणकात घ्यायचा, पहिल्या ओळीत कंसात पार्ट नंबर, रिव्हिजन आणि तारीख.

दशांश चिन्ह विसरू नका. अनेक फॅनुक कंट्रोलवर (मशीन चालवणाऱ्या संगणकावर) नुसतं "एक्स५०" म्हणजे ५० मायक्रॉन, "एक्स५०." म्हणजे ५० मिमी. हाताने प्रोग्राम टंकणाऱ्या नवशिक्यांनी पहिला पीस सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ करून), हात फीड होल्डच्या (थांबवायच्या) बटणावर ठेवूनच चालवावा. "वेळ नाही" हे कारण इथे ऐकूनच घ्यायचं नाही. टरेटवर आपटलेलं टूल मिनिटं वाचवत नाही.

कंट्रोलची मेमरी बॅटरी आणि एन्कोडरच्या (अक्षाची जागा मोजणाऱ्या भागाच्या) बॅटऱ्या मशीनची वीज चालू असतानाच बदलायच्या. बंद करून बॅटरी काढली तर पॅरामीटर किंवा रेफरन्स जातो. खंडेनवमीच्या पूजेआधी सगळी मशीन पुसली जातातच, त्याच साफसफाईत दरवर्षी बॅटरी बदलायची सवय लावा. पॅरामीटरची एक प्रत आधी काढून ठेवा.

किलो की नग

दुसरी मोठी दुखरी जागा म्हणजे आयटम मास्टर, सिस्टिममधली वस्तूंची मूळ यादी. फाउंड्री किलोवर विकते, मशीनशॉप नगावर काम करतं. समजा एक कास्टिंग ४.२ किलोचं, १०० नग आले, चलनावर ४२० किलो. गेटवरचा मुलगा इनवर्ड करताना ४२० टाकतो, आणि सिस्टिममध्ये त्या आयटमचं एकक नग आहे. आता स्टॉकला ४२० नग दिसतात. १०० वापरले तरी ३२० शिल्लक. फेरऑर्डरची पातळी ५० ठेवलेली, म्हणून खरेदी विभागाला काही कळत नाही. रॅक रिकामा, पडद्यावर माल भरपूर, मशीन उभी. मग कुणीतरी "ॲडजस्टमेंट" एंट्री टाकून आकडा जुळवतो आणि चूक कुठे झाली ते शोधण्याची वाटच बंद होते. ही ॲडजस्टमेंट एंट्री मालकाच्या सहीशिवाय टाकता येणार नाही अशी परवानगी पहिल्याच दिवशी सेट करा.

कास्टिंगचं मूळ एकक नग ठेवा, किलो हे पर्यायी एकक. ही सोय टॅलीतही आहे. वजन ड्रॉइंगवरून घेऊ नका. दहा कास्टिंग एकत्र तोला, दहाने भागा. पॅटर्न दुरुस्त झाला किंवा नवीन झाला की परत तोला. गेटवर दोन्ही आकडे घ्या, किलो काट्यावरून आणि नग मोजून. भागाकार मास्टरमधल्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या बाहेर गेला की माल आत घेण्याआधी कारण शोधा. नग कमी आलेत, रायझरचा (ओतकामातल्या जादा धातूचा) तुकडा राहिलाय, किंवा साचा फुगून कास्टिंग जड झालंय. या एका भागाकाराने तीन वेगळे दोष पकडले जातात.

नावांचंही तेच. "बेअरिंग ६२०७", "६२०७ बेअरिंग", "बेअ. ६२०७ झेडझेड" हे तीन आयटम झाले की एका रॅकमधला माल तीन ठिकाणी दिसतो. ६२०७ झेडझेड आणि ६२०७ टूआरएस मात्र खरोखर वेगळे आहेत, एकाला पत्र्याची शील्ड, दुसऱ्याला रबरी सील. म्हणजे जिथे एक नाव हवं तिथे तीन, आणि जिथे दोन हवीत तिथे एक, असा उलटा प्रकार सर्रास दिसतो. नवीन आयटम उघडण्याचा अधिकार एकाच माणसाला द्या. तो रजेवर असेल तर आयटम उद्या उघडेल.

जॉबवर्कला गेलेला माल "बाहेर" या एकाच गोडाऊनमध्ये टाकू नका. प्रत्येक जॉबवर्करचं गोडाऊन वेगळं करा. जीएसटीत असा माल एक वर्षाच्या आत परत यावा लागतो, आणि कुणाकडे किती दिवस काय पडलंय हे एका नजरेत दिसलं पाहिजे.

मराठी नावं जुन्या फॉन्टमध्ये टंकली असतील तर ती शोधता येत नाहीत आणि दुसऱ्या संगणकावर भलतीच अक्षरं दिसतात. युनिकोडच वापरा.

दुकानाच्या काउंटरवर

चपलेचं एकक जोड. हे एवढं स्पष्ट लिहावं लागतं, कारण नग ठेवलं की डावी-उजवी वेगळी मोजणारा एक तरी भेटतो. कोडमध्ये प्रकार, रंग आणि नंबर तिन्ही हवेत: कापशी (कोल्हापुरी चपलेचा प्रकार), तपकिरी, ८. हाताच्या बनावटीत एकाच नंबरचे दोन जोड काही मिलिमीटर इकडेतिकडे असतात, म्हणून ऑनलाइन विकताना नंबराबरोबर आतल्या तळाची लांबी सेंटीमीटरमध्ये द्या. परत येणारा माल याने घटतो.

शेवटचा जोड ऑनलाइन दाखवायचा नाही. रविवारी काउंटरवर गर्दी असताना तोच जोड विकला जातो, आणि तिकडे ऑर्डर येऊन पडते. स्टॉकमधून एक वजा करून ऑनलाइन चढवा.

बारकोडचे दोन घोळ. एक, एक्सेलमध्ये ८९० ने सुरू होणारा १३ आकडी कोड चिकटवला की तो ८.९ई+१२ असा दिसतो, तसाच सीएसव्ही जतन केला की शेवटचे आकडे गेले. रकाना आधी टेक्स्ट करा, मग चिकटवा. "३-८" असा कोडही तारीख बनतो. दोन, स्वतः छापलेल्या कोडची सुरुवात २ ने करा, ती दुकानातल्या वापरासाठीच राखलेली मालिका आहे. मनाने ८९० लावू नका, ते आकडे जीएस१ या बारकोड देणाऱ्या संस्थेकडून घ्यावे लागतात.

साध्या थर्मल लेबलवरची छपाई उन्हाने उडते. शोकेस रस्त्याकडे असेल तर रिबनवालं प्रिंटर घ्या.

कराचा दर आयटमला कायमचा चिकटवू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडाला ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के आहे. सवलतीनंतर विक्रीची किंमत बदलली की दरही बदलतो, म्हणून बिलिंगमध्ये दर किमतीच्या टप्प्यावरून लागला पाहिजे.

बॅकअप

त्याच संगणकाच्या दुसऱ्या ड्राइव्हवरची प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीत पाणी शिरलं आणि शिरोलीजवळ महामार्गही बंद पडला. ज्यांचा सर्व्हर तळमजल्यावर जमिनीला टेकून होता आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, त्यांचं दोन्ही एकदम जाण्याची ही परिस्थिती. सर्व्हर वरच्या मजल्यावर न्या. रोजची एक प्रत क्लाउडवर, आठवड्याची एक डिस्कवर, आणि ती डिस्क दुसऱ्या इमारतीत. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की डिस्क हलवायची. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघायची नाही, तोवर रस्ता असेलच असं नाही.

महिन्यातून एकदा क्लाउडवरची प्रत दुसऱ्या संगणकावर उघडा, कालच्या तारखेचं एक बिल आणि एका आयटमचा स्टॉक काढा. निघालं नाही तर त्याच दिवशी बॅकअपची मांडणी दुरुस्त करा.