धीम्या लोकलच्या वेळापत्रकावर बेतलेली कथा

कथेला आरंभ, मध्य आणि शेवट हवाच, हा आग्रह काही दिवस बाजूला ठेवावा आणि मुंबईतलीच एखादी तयार रचना कथेचा साचा म्हणून वापरून पाहावी. पश्चिम रेल्वेच्या धीम्या लोकलला चर्चगेटपासून दादरपर्यंत, दोन्ही टोके धरून, 9 स्थानके लागतात. प्रत्येक स्थानकाला एकच परिच्छेद द्यावा आणि गाडी थांबते तेवढ्या अवधीत पात्राच्या मनात जे येऊन जाईल तेवढेच त्यात लिहावे. पात्राचे वय सांगू नये. 2018 मध्ये नाव बदलून प्रभादेवी झालेल्या स्थानकाला ते अजूनही एल्फिन्स्टन म्हणत असेल, तर वाचकाला पुरेसे कळते, आणि असा एक शब्द मला पानभर वर्णनापेक्षा मोलाचा वाटतो.

पहिला खर्डा झाला की त्याची जलद लोकल करावी, म्हणजे चर्चगेट, मुंबई सेंट्रल आणि दादर एवढेच परिच्छेद ठेवून मधले 6 काढून टाकावेत. ज्या तपशिलावाचून कथा अडखळते, तेवढाच परत आणावा, तोही शक्यतो संवादातून. सोसायटीच्या फलकावरील नोटिसांतूनही कथा रचता येते. मात्र तिथे निवेदकाने एकदाही मध्ये बोलू नये.