कोल्हापूरचा पिनकोड ४१६००१: अवयव पाडायचे कसे

शहराच्या पत्त्याखाली लिहिला जाणारा हा आकडा अवयवांच्या सरावाला झकास आहे. दिसतो सोपा, पण पाढ्यांवर सुटत नाही. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा.

आधी वर्गमुळाचा अंदाज घ्या. ६४५ चा वर्ग ४१६०२५, म्हणजे आपली संख्या त्याहून फक्त २४ नं कमी. त्यामुळे ६४४ च्या पुढं भाजक शोधायची गरज नाही. तिथवर ११७ मूळ संख्या आहेत खऱ्या, पण एवढ्या लागत नाहीत.

शेवटी १, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज १२, म्हणून ३ नं भाग जातो, ९ नं नाही. भागाकार १३८६६७.

७, ११, १३ एका फटक्यात तपासा. तिघांचा गुणाकार १००१, म्हणून तीन-तीन अंकांचे गट पाडून वजा करा: ६६७ − १३८ = ५२९. बाक्या अनुक्रमे ४, १, ९. तिन्ही बाद. १७ नं बाकी १५, १९ नं ५. २३ नं मात्र निःशेष: ६०२९.

इथं बहुतेकजण ६४४ चीच मर्यादा धरून बसतात आणि तासभर फुकट घालवतात. मर्यादा आता ६०२९ ची: ७७ चा वर्ग ५९२९, ७८ चा ६०८४, म्हणजे ७३ पर्यंत पुरे. सुरुवात पुन्हा २३ पासूनच करा, कारण तोच अवयव दोनदा येऊ शकतो. तेरा भागाकार होतात. ६७ ला सांभाळा: ६७ × ९० = ६०३०, एकानं हुकतं, आणि घाईत भाग गेल्यासारखा वाटतो. एकानंही भाग जात नाही, म्हणून ६०२९ मूळ.

४१६००१ = ३ × २३ × ६०२९

ताळा नऊचा घ्या, म्हणजे प्रत्येक अवयवाच्या अंकांची बेरीज एक अंकी होईपर्यंत करून त्या गुणा: ३ × ५ × ८ = १२०, अंकबेरीज ३; मूळ संख्येचीही ३. पण ६०२९ चं चुकून ६२०९ लिहिलंत तर हा ताळा गप्प बसतो. म्हणून अकराचाही घ्या. तिन्ही अवयवांच्या बाक्या ३, १, १, गुणाकार ३, आणि ४१६००१ ची बाकीही ३. ६२०९ ची बाकी ५ येते, चूक लगेच पकडली जाते.

पुढचं झटपट होतं. विभाजक आठ, त्यांची बेरीज ४ × २४ × ६०३० = ५७८८८०. त्यातून संख्या वजा केली की १६२८७९ उरतात, संख्येहून कमी, म्हणजे ही न्यून संख्या. दोन वर्गांच्या बेरजेत ती बसत नाही: ३ आणि २३ यांना ४ नं भागलं की बाकी ३ उरते; असे मूळ अवयव सम वेळा यावे लागतात, आणि इथं दोन्ही एकेकदाच येतात.

गंमत म्हणून ६०२९ वर देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांची १९४९ ची रीत लावा: अंक उतरते मांडून त्यातून चढते वजा. ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. इथं थांबा, पुढं ६१७४ च येत राहतं. सात पायऱ्या, याहून जास्त कुठल्याच चार अंकी संख्येला लागत नाहीत. मात्र मध्ये वजाबाकी चुकली तरी बहुधा ६१७४ च येतं, त्यामुळे शेवट जुळला म्हणून पायऱ्या बरोबर धरू नका.