बचत गटाचा हिशेब एक्सेलमध्ये: सूत्रं कशी लिहायची

आमच्या गावातल्या बचत गटाचा हिशेब मी पहिल्यांदा संगणकावर चढवला, तेव्हा मार्चअखेरीस वही आणि शीट जुळेना. १२ सभासद, महिन्याला ₹२०० बचत, वर्षभरात कुणाचाही हप्ता चुकलेला नाही. वहीत एकूण ₹२८,८०० आणि शीटवर ₹२८,६००. अर्धा दिवस शोधल्यावर सापडलं, एका सेलमध्ये (म्हणजे शीटवरच्या एका चौकटीत) नुसतं २०० न लिहिता मी ‘२०० रु.’ लिहिलं होतं. ‘रु.’ जोडल्याबरोबर तो आकडा राहत नाही, मजकूर होतो, आणि बेरीज करताना एक्सेल तो सेल गुपचूप वगळतं. कसलीही सूचना देत नाही.

म्हणून सुरुवात आकडे भरण्यापासून करू. सेलमध्ये फक्त आकडा टाका, तोही इंग्रजी अंकांत. ₹ चं चिन्ह किंवा स्वल्पविराम हवा असेल तर तो नंतर फॉरमॅटमधून द्या. ओळखायची खूण सोपी आहे: आकडे आपोआप सेलच्या उजव्या कडेला सरकतात, मजकूर डावीकडे चिकटून बसतो. कॉलमवर वरून खाली नजर फिरवली की चुकलेला सेल लगेच दिसतो.

आता मांडणी. ए कॉलममध्ये नावं, बी ते एम हे १२ महिने, एन मध्ये एकूण. पहिली ओळ शीर्षकांची, दोन ते तेरा सभासदांच्या. इथे सूत्रं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अक्षरं आणि अंक इंग्रजीच हवेत: सम म्हणजे SUM, राउंड म्हणजे ROUND, काउंटइफ म्हणजे COUNTIF, इफ म्हणजे IF. फक्त अवतरणातले शब्द मराठीत चालतात. गुगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्कमध्येही हीच सूत्रं चालतात.

प्रत्येक सूत्र बरोबरच्या चिन्हाने सुरू होतं. एन२ मध्ये, म्हणजे एन कॉलमच्या दुसऱ्या ओळीत, लिहा:

=सम(बी२:एम२)

एंटर दाबा, पुन्हा एन२ वर या, सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला बारीक चौकोन धरून एन१३ पर्यंत ओढा. तिसऱ्या ओळीत सूत्र आपोआप बी३:एम३ होतं. चौदाव्या ओळीत उभी बेरीज घ्या: =सम(बी२:बी१३), आणि ती एम पर्यंत आडवी ओढा. मग दोन रिकाम्या सेलमध्ये =सम(एन२:एन१३) आणि =सम(बी१४:एम१४) लिहा. आडवी आणि उभी बेरीज सारखी आली नाही, तर कुठल्यातरी सूत्रात एखादी ओळ किंवा महिना सुटला आहे. मजकूर झालेला आकडा मात्र या ताळ्यात सापडत नाही, कारण दोन्ही बेरजा तो वगळतात. त्यासाठी डावी-उजवी कडच पाहायची.

खरं काम व्याजाचं. कर्जासाठी वेगळी शीट करा: ए मध्ये नाव, बी मध्ये शिल्लक मुद्दल, सी मध्ये महिन्याचं व्याज. व्याजदर सूत्रात कधीच लिहू नका. तो एच१ मध्ये एकदाच लिहा, समजा १%. मग सी२ मध्ये बरेच जण लिहितात =बी२*एच१. ₹८,००० वर ₹८० व्याज येतं, बरोबर दिसतं. खाली ओढलं की बाकी सगळ्यांचं व्याज शून्य! कारण तिसऱ्या ओळीत सूत्र बी३*एच२ झालेलं असतं आणि एच२ रिकामा आहे. दराचा सेल जागेवर खिळवायला डॉलरचं चिन्ह लागतं:

=बी२*$एच$१

सूत्र लिहिताना एच१ वर कर्सर ठेवून एफ४ दाबलं की डॉलर आपोआप लागतात. काही लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागतं. गटाने बैठकीत दर बदलला, तर एच१ मधला एक आकडा बदला, सगळा कॉलम त्याच क्षणी बदलतो. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिजिकॅल्क हे अशाच शीटचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा हिशेबनीसांना त्याचं अप्रूप वाटलं ते याचसाठी. त्याआधी एक आकडा बदलला की अख्खा कागद खोडून पुन्हा मांडावा लागे.

पैशांच्या बाबतीत अजून एक जागा सांभाळायला हवी. दोघींकडे प्रत्येकी ₹७,३५० बाकी आहे. व्याज होतं ७३.५०. तुम्ही फॉरमॅटमधून दशांश लपवलेत तर दोघींपुढे ७४ दिसतं, पण खाली बेरीज येते १४७. ७४ आणि ७४ म्हणजे १४८, हे बैठकीत कुणीही तोंडी सांगेल, आणि मग शीटवरचा विश्वास उडतो. लपवू नका, आकडाच पूर्ण करा:

=राउंड(बी२*$एच$१,०)

दंडासाठी बचतीच्या शीटवर परत या. पी१ मध्ये ठरलेली बचत २००, पी२ मध्ये चुकलेल्या महिन्याचा दंड, समजा १०. ओ२ मध्ये:

=काउंटइफ(बी२:एम२,"<"&$पी$१)*$पी$२

हे सूत्र २०० पेक्षा कमी रक्कम असलेले महिने मोजतं आणि दंडाने गुणतं. रिकामे सेल ते मोजत नाही, त्यामुळे पुढच्या महिन्यांचा दंड लागत नाही. पण जिने पैसे दिले नाहीत तिच्या सेलमध्ये बैठक संपल्यावर ० भरायलाच हवा, नाहीतर तिचा दंड सुटेल.

कर्ज फिटलं की नाही हे दाखवायला कर्जाच्या शीटवर =इफ(बी२=०,"फिटलं","बाकी") पुरेसं आहे.

सेलमध्ये नुसते #### दिसले तर घाबरू नका, कॉलम अरुंद आहे, रुंद करा. #नेम? म्हणजे फंक्शनचं नाव चुकलं. #रेफ! मात्र गंभीर: सूत्र ज्या सेलवर अवलंबून होतं तोच कुणीतरी काढून टाकला. लगेच कंट्रोल-झेड दाबून ते मागे घ्या. सभासद गट सोडून गेली तरी तिची ओळ वर्ष संपेपर्यंत पुसू नका. तिची बचत त्या वर्षाच्या बेरजेत आहे.

पहिले तीन महिने वही आणि शीट दोन्ही चालवा, आणि दर बैठकीत शेवटचा आकडा दोन्हीकडून मोठ्याने वाचा.