कॉफी सोडायचीय? आधी चिकोरीचं पाकीट आणा

सोमवारपासून कॉफी बंद, असं ठरवणारे बरेच जण बुधवारी पुन्हा दूध तापत ठेवतात. यात मनाच्या कच्चेपणाचा वाटा थोडा. दिवसभरात मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठतं, त्यानं झोप येते. कॉफीतलं कॅफीन मेंदूतली त्याची जागा अडवून बसतं, म्हणून झोप उडते. ही अडवणूक रोजची झाली की मेंदू तशा जागाच वाढवतो. मग कॉफी एकदम बंद केली की शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत कपाळ ठणकू लागतं, चिडचिड होते. पहिले दोन दिवस सर्वांत वाईट. कुणाकुणाला आठवडाभर त्रास राहतो.

म्हणून हळूहळू सोडा. आधी तीन दिवस फक्त लिहून काढा: किती कप, कधी. चहा, कोला, चॉकलेटही धरा. इन्स्टंट कॉफीच्या कपात साधारण ६० ते ८० मिलिग्रॅम कॅफीन असतं, चहात ३० ते ५०. म्हणजे कॉफी सोडून दिवसाला पाच चहा घेणाऱ्यानं काहीच सोडलेलं नसतं!

मग संध्याकाळचा कप काढा, सकाळचा नव्हे. कॅफीन शरीरात निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. चारला प्यायलेली कॉफी रात्री नऊला अर्धी अंगात असते. झोप सुधारली की सकाळची ओढही कमी होते.

आता माझी आवडती पायरी. फिल्टर कॉफीच्या पाकिटावर कॉफी आणि चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं. चिकोरी म्हणजे भाजून दळलेलं मूळ, त्यात कॅफीन अजिबात नसतं, पण रंग आणि कडवटपणा भरपूर. ८०-२० चं मिश्रण पीत असाल तर पुढच्या आठवड्यात ७०-३०, त्यापुढे निम्मं-निम्मं. पुढे नुसती चिकोरी आणून डब्यात मिसळत जा. मी हे घरात कुणाला न सांगता केलं. तिसऱ्या आठवड्यात फक्त आईनं विचारलं, "पावडर बदललीस का गं?" चिकोरीनं काहींच्या पोटात वायू धरतो, तेव्हा चमचा बेतानं. इन्स्टंटवाल्यांनी दर चार दिवसांनी पाव चमचा कमी करावा. डिकॅफमध्येही, म्हणजे कॅफीन काढलेल्या कॉफीतही, थोडं कॅफीन उरतंच.

डोकं दुखलं तर पाणी प्या, लवकर झोपा. गोळी घेण्याआधी वेष्टन वाचा. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफीनच असतं, आणि मग आपण ज्याला दारातून घालवलं ते खिडकीतून परत येतं. अर्धशिशी असेल, किंवा रोजची औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा.

राहता राहिली चारची वेळ. तेव्हा हवा असतो तो कप, वाफ आणि दहा मिनिटं खुर्चीतून उठणं. गवती चहा आणि आलं उकळा, फक्त सवयीनं चहाची पूड टाकू नका. किंवा गरम दुधात जायफळ किसून घाला. आपल्याकडच्या घरगुती कॉफीचा अर्धा वास जायफळाचाच असतो, हे मला कॉफी सुटल्यावर कळलं.

पाहुणे म्हणून गेलात की "अर्धा कप तरी घे" होणारच. आत शिरतानाच "काकू, ताक आहे का?" असं विचारून टाका.