फ्लोराइड पाण्यातून गेलं की फक्त रीडिंगमधून?

टाकाऊ पदार्थ आणि जिवाणू वापरून फ्लोराइड काढण्यावर काम सुरू करत असाल, तर माझे सात महिने कुठे गेले ते आधी ऐका.

धुतलेल्या राखेवर मी जिवाणू वाढवत होते. सुरुवातीला फ्लोराइड लिटरला 10 मिलिग्रॅम, आणि गाठायची होती जागतिक आरोग्य संघटनेची 1.5 ची मर्यादा. जिवंत जिवाणूंच्या फ्लास्कमध्ये फ्लोराइड मोजणारा इलेक्ट्रोड 2 मिलिग्रॅमच्या आसपास दाखवायचा. नुसत्या राखेत थोडीशीच घट. ऑटोक्लेव्ह करून मारलेल्या पेशींसोबतही तेवढीच. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे हे फ्लास्क, चोख होते, त्यामुळे ‘काम जिवंत पेशीच करतात’ असं मी छातीठोकपणे सांगत होते.

प्रत्यक्षात जिवाणू माध्यमातलं ग्लुकोज खाऊन आम्ल सोडत होते. पीएच 4 पर्यंत उतरायचा आणि राखेतलं ॲल्युमिनियम विरघळायचं. हे ॲल्युमिनियम फ्लोराइडला घट्ट धरून ठेवतं, आणि इलेक्ट्रोड मोजतो फक्त मोकळं फ्लोराइड. म्हणजे फ्लोराइड पाण्यातच होतं, वर ॲल्युमिनियमची भर! मेलेल्या पेशी आम्ल करत नाहीत, म्हणून तिथे जास्तीची घट दिसत नव्हती. ज्या कंट्रोलवर माझा भरवसा होता, त्यानेच चूक पक्की केली.

टिसॅब, म्हणजे इलेक्ट्रोडने मोजण्याआधी नमुन्यात घालायचं बफर द्रावण, आम्ही लॅबमध्येच बनवायचो. ‘नुसतं ॲसिटेट बफर पुरतं’ असं एका सीनियरने सांगितलं आणि मी ऐकलं. ऐकू नका. टिसॅबमध्ये सीडीटीए हे धातू पकडणारं रसायन हवंच. ते ॲल्युमिनियमला पकडतं आणि फ्लोराइड सुटं करतं. ॲल्युमिनियम फार असेल तर तेही अपुरं पडतं. म्हणून नमुन्यात माहीत असलेलं फ्लोराइड घाला आणि रीडिंग तेवढंच वाढतं का बघा. वाढलं नाही तर तो आकडा वहीत उतरवूही नका. स्पॅडन्सच्या रंगपद्धतीने सुटका होईल असं वाटत असेल, तर तिथेही ॲल्युमिनियम आडवं येतं.

दुसरी तपासणी कंटाळवाणी आहे, पण मला तिनेच वाचवलं. वापरलेला शोषक (माझ्याकडे जिवाणू वाढवलेली राख) गाळून सौम्य कॉस्टिक सोड्याने धुवा. पाण्यातून गेलेलं फ्लोराइड त्या धुवणात सापडायला हवं. (मोजण्याआधी धुवणाचा पीएच खाली आणा, हायड्रॉक्साइड इलेक्ट्रोडला फसवतं.) माझ्या धुवणात जवळजवळ काहीच नव्हतं.

लँगम्युअरचा आलेख (शोषणाचं गणित जुळतं का ते दाखवणारा) सरळ आला म्हणून खूश होणारे गाईड मला पटत नाहीत. माझाही आलेख सुंदर आला होता. गाईडने फ्लास्कचा शेवटचा पीएच विचारला, तर तो गाईड सोडू नका.

घाबरू मात्र नका. जपून ठेवलेले नमुने सीडीटीए घालून पुन्हा मोजता येतात, मी मोजले. तो दिवस फार वाईट गेला, पण बॅच फुकट गेल्या नाहीत. नमुने प्लास्टिकच्या बाटल्यांत ठेवलेले असावेत, एवढंच.

आता मी ग्लुकोज कमी घालते आणि पीएच 6 ते 7 मध्ये धरून ठेवते. फ्लोराइडच्या पाण्यात बहुधा असतं तसं बायकार्बोनेटही पहिल्या दिवसापासून घालते. घट आधीच्या निम्मीही नाही. पण जेवढी दिसते, तेवढं फ्लोराइड धुवणात सापडतं.